पिकलेला हात

खोली भाड्याने देण्याआधी अण्णा माणसाच्या अंगावरचं कापड हातात घेऊन बघत. माझ्या वेळी तो साडीचा पदर होता. म्हैसूरच्या नजरबादमधल्या त्यांच्या घराच्या पायरीवर मी बॅग घेऊन उभी होते, आणि एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ माझ्या पदराचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून, डोळे मिटून चोळत होते. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "सोडा की तो पदर. घाबरल्या त्या."

"इरली, इरली," अण्णा म्हणाले. असू दे, असू दे. मग डोळे उघडून मला म्हणाले, "इळकल म्हणून दिली ना तुम्हाला ही साडी? फसवलं. सूत बरं हाय, रंग टिकायचा नाय. वरची खोली घ्या."

खोलीबद्दल आमचं बोलणं झालं ते एवढंच. साडीचा रंग पुढच्या उन्हाळ्यात गेला, आणि मी त्या खोलीत अनेक वर्षं राहिले.

अण्णांचं घराणं रंगाऱ्यांचं. किती पिढ्यांपूर्वी त्यांचे लोक म्हैसुरात आले, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. घरात मराठी बोलत, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपायचं, आणि भांडण असलं तर ते सगळंच कन्नडमध्ये. मी साताऱ्याकडची, इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आलेली. माझं बोलणं ऐकून अण्णांना गंमत वाटे. "मॅडम, तुमचं मराठी म्हणजे क्रमिक पुस्तक," ते म्हणत. "ह्याच्यात भांडता कसं येतंय तुम्हाला?"

ते हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. दाराशी एक पाटी टांगलेली असे, आणि तीवर ते रोज सकाळी आकाशाचा रंग लिहीत, रंगाऱ्यांच्या भाषेत. मोतिया. राखी. दोनदा धुतलेला जांभळा. पोस्टमन पत्रं टाकताना ती पाटी वाची आणि वर बघे. "अण्णा, हे राखी नव्हे," तो कन्नडमध्ये म्हणे. "सकाळी होतं. तुम्ही उशिरा आलात," अण्णा म्हणत. भिंतीला पाठ टेकून बसणाऱ्याला ते उठवत, कारण भिंतीचा रंग माणसाला लागतो आणि माणसाचा भिंतीला. ह्या लहरींची सवय होते. मलाही झाली. पण त्या सगळ्यांच्या तळाशी एक जुना सल होता. तो मला अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मागच्या पायरीवर अवरेच्या शेंगा सोलताना सांगितला.

अण्णांच्या वडिलांपर्यंत घरात ठसाछपाई चालायची. लाकडी ठसा रंगात टेकवायचा, कापडावर ठेवायचा, आणि उजव्या तळहाताच्या मनगटाजवळच्या जाड भागाने त्याच्यावर ठोका मारायचा. उचलायचा, पुढे ठेवायचा, पुन्हा ठोकायचा. हे दिवसभर. काही वर्षांनी रंगाऱ्याच्या बोटांना झोपेत मुंग्या येऊ लागत आणि त्याला उठून हात झटकावा लागे. घरात म्हणत, हात लागला. आणखी काही वर्षांनी मुंग्या थांबत आणि बोटं बधिर होत. तेव्हा म्हणत, हात पिकला. कच्च्या हाताला ठोका लागतो, म्हणून तो नकळत कचरतो आणि ठसा एका कडेला फिका उठतो. पिकल्या हाताला काही लागतच नाही, त्यामुळे त्याचा ठसा चारी कडांनी सारखा. हात पिकला की आई त्या मनगटाला हळदीचा दोरा बांधी आणि घरात होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी होई.

पिकल्या हाताचे मान असत. त्या माणसाने आपल्या सदऱ्याची बटणं स्वतः लावायची नाहीत. ती बायकोने लावायची. त्याच्या ताटातला भात दुसऱ्या कुणी कालवून द्यायचा. दुकानदाराने सुटी नाणी त्याच्या हातावर न ठेवता सदऱ्याच्या खिशात सोडायची. दसऱ्याला समाजाच्या देवळात तो पहिल्या ओळीत बसायचा. अण्णांच्या वडिलांना हे सगळे मान होते. थोरल्या भावालाही ते तरुणपणीच मिळाले.

अण्णांना मिळाले नाहीत. लहानपणी त्यांनी काही दिवस ठसा धरला, वडिलांनी बाजूला उभं राहून बघितलं, आणि सगळ्या घरासमोर सांगितलं, "ह्याचा हात कच्चा. हा पिकायचा नाय. शाळेत घाला ह्याला." तेव्हापासून नातेवाइकांत त्यांचं नावच कच्चा पडलं. ते पदवीधर झाले, मास्तर झाले, गावातले अर्धे कारकून त्यांच्या हाताखालून गेले, तरी कुठल्याही लग्नात मांडवात शिरले की कुणीतरी म्हातारी म्हणेच, कच्चा आला वाटतं.

"मला बघायला आले तेव्हा ह्यांच्या आत्यानं माझ्या आईला सांगितलं, मुलगा चांगला हाय, स्वल्प हात कच्चा," अक्का म्हणाल्या. "मला वाटलं, हात मोडलाय. लग्नात सारखी हाताकडंच बघत होते."

निवृत्त झाल्यावर अण्णांनी माळ्यावरची वडिलांच्या ठशांची पेटी खाली काढली. मागच्या अंगणात पत्र्याखाली लांब टेबल घातलं, त्यावर गोणपाटाच्या घड्या पसरल्या आणि छापायला सुरुवात केली. सकाळी आकाशाचा रंग लिहून झाला की ठोके सुरू होत, ते जेवणाची वेळ टळून गेली तरी चालत. उशा, पंचे, पडदे, शेजाऱ्यांच्या चादरी. छापायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी माझे पुस्तकांचे झोळे छापून दिले. माझ्या खोलीची जमीन त्या ठोक्यांनी हलकीशी थरथरे. ते वयाच्या त्या टप्प्यावर काय मागत आहेत हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं.

एका सकाळी ते जिना चढून माझ्या दाराशी आले. चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचा आनंद होता.

"मॅडम, बोटांना मुंग्या आल्या."

मी बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. उजवा हात माझ्यासमोर धरून नकाशा दाखवावा तसं त्यांनी दाखवलं. अंगठा. तर्जनी. मधलं बोट. अनामिकेची अर्धी बाजू, मधल्या बोटाकडची. उरलेली अर्धी नाही. करंगळी तर अजिबातच नाही.

"अर्धं बोट कसं असेल, अण्णा?"

"अर्धंच हाय. मी तपासलंय. आणि ही," त्यांनी करंगळीकडे नाराजीने बघितलं, "ही शेवटच्या बाकावरची. हिला वेळ लागणार."

मी डॉक्टरांना दाखवा म्हटलं. "तुमच्याकडे नवीन पुस्तक आलं की तुम्ही डॉक्टरकडे जाता काय?" ते म्हणाले आणि खाली गेले. त्या दिवशी दुपारी होळगी झाली. अक्कांनी माझं ताट वाढताना नुसत्या भुवया उंचावल्या.

पुढची दोन-तीन वर्षं त्या घरात पेले पडत राहिले. कॉफी पिता पिता अण्णांच्या हातातून पेला सुटे आणि ते प्रसन्न चेहऱ्याने सांडलेल्या कॉफीकडे बघत. वर्तमानपत्र धरून फार वेळ वाचता येईना. सायकलवरून बाजारात जाताना मुंग्या आल्या की ते एक हात सोडून जोरात झटकत. चौकातल्या पोलिसाला वाटे, मास्तर आपल्याला हात करताहेत, आणि तोही हात करी. "झोपेतून उठून हात झटकत बसतात," अक्का मला म्हणाल्या. "दुखतंय का विचारलं तर हसतात. असला माणूस बघितलाय कुठं?"

मग मुंग्याही थांबल्या. अंगठ्याच्या बुंध्याशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तो सपाट होऊन तिथे हळूहळू खळगा पडला. अण्णा तोही कौतुकाने दाखवत. अक्कांनी त्यांची बटणं लावायला सुरुवात केली होती. एकदा मी ग्रंथालयात निघाले असताना त्यांनी सवयीने माझा पदर धरला, डोळे मिटले, बराच वेळ चोळला. "रेशीम हाय," ते म्हणाले. "जपा." ती सुती साडी होती, रोजची. अक्का दारात उभ्या होत्या. मी हो म्हटलं आणि निघाले.

इथवर हा एका म्हाताऱ्या माणसाचा छंद होता आणि त्याची किंमत तोच देत होता. पण त्याच टेबलाशी नागू येऊ लागली.

नागू म्हणजे नागरत्ना, अण्णांच्या बहिणीची मुलगी. नवरा वारल्यावर ती नजरबादमध्येच एका गाळ्यात ब्लाऊज शिवायची, शाळेत जाणारी मुलगी आणि स्वतः, दोघींचं त्यावर चालायचं. दिवसभर कात्री आणि शिलाई मशीन, संध्याकाळी मामांच्या टेबलाशी ठसे. हातछपाईच्या कापडाचे ब्लाऊज जास्त दराने जातात, म्हणून ती शिकायला आली होती. पण लवकरच तिला त्यात गोडी वाटू लागली. ती कमी बोलायची आणि नेमकं ठोकायची. तिच्या बोटांना मुंग्या यायला फार दिवस लागले नाहीत.

अण्णांना काय करू आणि काय नको झालं. घराण्यात पहिल्यांदा एका बाईचा हात लागत होता. दोरा हात पिकल्यावर बांधायचा असतो, पण त्यांना तेवढा धीर नव्हता. हळदीचा दोरा त्यांनी स्वतः आणला, गाठ अक्कांकडून मारून घेतली, आणि नागूला पहिली होळगी आपल्या हाताने वाढली. "मामांनी बांधला," असं म्हणून तिने मला मनगट दाखवलं. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरलेले नाही. माणसं तिला बरेच दिवस नुसती बिचारी म्हणत आली होती.

दोरा बांधल्यावर ती एक वर्ष तशीच शिवत आणि छापत राहिली. मग एका लग्नघरचा ब्लाऊज तिच्याकडे आला, मोतिया रंगाच्या रेशमाचा. हात-शिलाई करताना सुई तिच्या तर्जनीत गेली आणि तिला कळलंच नाही. शेजारच्या दुकानातल्या बाईने सांगितलं तेव्हा तिने खाली बघितलं. अख्ख्या गळ्याला रक्त लागलं होतं.

ती तो ब्लाऊज घेऊन थेट आमच्याकडे आली. रडत नव्हती. "मामा, मला सुई लागली नाय," एवढंच म्हणाली. अण्णा म्हणाले, "आता तुझा पिकला." तेव्हा मी अक्कांना पहिल्यांदा आवाज चढवताना ऐकलं.

"पिकला तर तिनं उद्यापासून खायचं काय? तुमची बटणं लावायला मी हाय. तिची कोण लावणार? उद्या डॉक्टरकडं घेऊन जा तिला." आणि मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही जावा बरोबर. नायतर हे तिथं जाऊन भूगोल शिकवतील."

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, थकलेल्या आणि सभ्य. बोलणं कन्नडमध्ये झालं. त्यांनी नागूला दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून, बोटं खाली सोडून थांबायला सांगितलं. थोड्याच वेळात नागूने ओठ चावून हात सोडवले. मग त्यांनी तिच्या मनगटावर मध्यभागी बोटाने टकटक केली, आणि तिचा हात वीज लागल्यासारखा मागे आला.

"हे होणारच," अण्णा म्हणाले. "तिचा हात पिकतोय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. ठोका, मुंग्या, दोरा, चारी कडांनी उठणारा ठसा. आपली अर्धी अनामिका आणि आळशी करंगळी.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अर्धी अनामिका तुम्हाला कुणी सांगितली?"

"कुणी नाही. माझीच आहे."

"बरोबर आहे ती." त्यांनी स्वतःचं मनगट उलटं करून दाखवलं. "इथे आत एक बोळ आहे. खाली आणि दोन्ही बाजूंना हाडं, वरून चिवट पट्टा. त्या बोळातून बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या जातात आणि त्यांच्याबरोबर एक नस. रोज ठोकून, रोज मनगट वाकवून दोऱ्यांवर सूज येते. बोळ काही मोठा होत नाही. मग चेपायचं कुणी? सगळ्यांत मऊ जी, तिने. ही नस अंगठ्यापासून अर्ध्या अनामिकेपर्यंत जाते. करंगळीची नस दुसऱ्या वाटेने जाते, म्हणून ती वाचली. ती आळशी नाही."

त्यांनी अण्णांचा हात मागितला. अंगठ्याच्या बुंध्यावरून बोट फिरवलं. अंगठा करंगळीच्या टोकाला लावायला सांगितला. अण्णांनी प्रयत्न केला. अंगठा बाजूला सरकला, वर उठला नाही.

"माझ्या वडिलांनी जन्मभर असल्याच हाताने छापलं," अण्णा म्हणाले. आवाज वर्गातला होता.

"ते सदऱ्याची बटणं लावायचे?" असले प्रश्न त्या प्रत्येक रोग्याला विचारत असाव्यात, त्यांच्या स्वरात वेगळं काही नव्हतं.

"आई लावायची. तो मान होता त्यांचा."

"भात कालवायचे स्वतः?"

"त्याचाही मान..." अण्णा बोलता बोलता थांबले.

"खाली पडलेलं नाणं उचलायचे?"

अण्णा कुणाकडेच बघत नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे जे एकेक करून सरकत असेल, ते मला बाजूच्या खुर्चीवरून जवळजवळ दिसत होतं. आई सदऱ्यापाशी वाकलेली, ताटात दुसऱ्याचा हात, वाण्याची खिशात जाणारी बोटं. ज्या ज्या गोष्टी त्या हाताला जमेनाशा झाल्या, त्यांनाच त्या घराने मान म्हटलं होतं.

मग ते नागूकडे वळले आणि तिच्या मनगटावरचा दोरा सोडायला लागले. गाठ त्यांच्या बोटांत येईना. नागूने हात तसाच पुढे धरून ठेवला, त्यांना घाई केली नाही. शेवटी नर्सने कात्रीने तो कापला.

नागूला झोपताना मनगटाला बांधायची पट्टी मिळाली, मग एक इंजेक्शन झालं, आणि त्याने भागेना तेव्हा लहानशी शस्त्रक्रिया. वरचा पट्टा कापून नसेला जागा करून देतात. काही महिन्यांनी तिला पुन्हा सुई कळू लागली. अंगठ्याच्या टोकाशी मात्र थोडा बधिरपणा राहिला तो राहिलाच. वर्षभर आधी आली असती तर तोही राहिला नसता, असं डॉक्टर म्हणाल्या, आणि ते अण्णांनी ऐकलं. त्यांचीही शस्त्रक्रिया झाली, पण नस फार दिवस दबून राहिली की आतून वाळते. त्यांच्या बोटांत काही परत आलं नाही.

नागूने त्यांना दोष द्यावा म्हणून ते जवळजवळ मागे लागत. तिच्या गाळ्यात जाऊन बसत. "एकदा शिव्या तरी दे," म्हणत. "संध्याकाळी चार ब्लाऊज द्यायचेत, मामा," ती म्हणे. "सुम्ने बसा." आणि ते गप्प बसत.

त्यांचे थोरले भाऊ हुणसूर रस्त्यावर हिनकलला मुलाकडे राहत. त्यांना हे सगळं सांगायला हवं असं अण्णांच्या मनाने घेतलं. एका रविवारी आम्ही दोघं गेलो. भाऊ ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते, फार म्हातारे, अण्णांहून ठेंगणे. अण्णांनी जमिनीवर खडूने मनगट काढलं, हाडं काढली, पट्टा काढला, नस काढली. शाळेत असंच शिकवत असणार. भाऊ शांतपणे ऐकत होते.

"ठाऊक हाय," ते शेवटी म्हणाले.

"काय ठाऊक हाय?"

"हात गेला ते. नसेचं नाव ठाऊक नव्हतं. बाबांनाही ठाऊक होतं. ज्याचा जातोय त्याला कळत नाय होय?"

"मग पिकला का म्हणायचात?"

"दुसरं काय म्हणणार? घर त्याच्यावर चाललं होतं. गेला म्हटलं असतं तर पुढं ठसा कोण धरणार होतं?"

अण्णा खडू हातात घेऊन तसेच उकिडवे बसले होते. खडू केव्हा खाली पडला ते त्यांना कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि मी कच्चा होतो ते?"

"तुझा हात चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला." भावाने रस्त्याकडे बघत सांगितलं. "बाबा आईला म्हणाले, एकाचा तरी राहू दे, सुई ओवायला घरात कुणी पायजे. तू टेबल सोडत नव्हतास. शाळेत जा म्हणून गेला नसतास. म्हणून कच्चा म्हणाले, सगळ्यांसमोर. लाज वाटली की जातंय माणूस."

"आणि तू?"

"मी मोठा होतो."

सुनेने कॉफी आणली. दोन्ही भावांना तिने ती रुंद तोंडाच्या वाट्यांतून दिली, दोन्ही हातांनी धरता येईल अशी. निघताना भाऊ म्हणाले, "तू छापायला बसलास ते कानावर आलं होतं. म्हटलं, म्हातारपणी शौक हाय, आता काय होतंय. चुकलं माझं. पण हे बाहेर बोलू नको. बाबांचं नाव राहू दे." अण्णांनी मान डोलावली.

हिनकलच्या स्टॉपवर आम्ही उभे राहिलो. गावात जाणाऱ्या बस येत होत्या आणि अण्णा एकीतही चढत नव्हते. "बाबांनी एक हात वाचवला होता, मॅडम," ते म्हणाले. "पेन्शन मिळाल्यावर मी तो घालवला. वर तिचाही घालवत होतो." मग पुढची बस आली तेव्हा मी त्यांना दंडाला धरून चढवलं.

घरी आल्यावर त्यांनी ठसा पुन्हा हातात घेतला नाही. नागू मात्र छापत राहिली, आठवड्यातून दोन दिवस, लाकडी मोगरीने ठोकून. ते तिच्यासमोर स्टुलावर बसत आणि थोड्या थोड्या वेळाने म्हणत, "साकु." पुरे. ती थांबे, बोटं ताणे, पाणी पिई. त्यांचं शेवटच्या वर्षांतलं काम एवढंच.

तोवर हातछपाईला पुन्हा दिवस आले होते. समाजातली काही तरुण मुलं त्या टेबलाशी शिकायला येऊ लागली. अण्णांनी त्यांना आधी खरं तेच सांगितलं, वडिलांचं नाव न घेता. मनगटातला बोळ समजावला, मोगऱ्या पुढे केल्या. मुलं एकमेकांकडे बघून हसली. रघू नावाचा एक होता, हुशार, तोंडाने तिखट. तो म्हणाला, "मास्तर, मोगरीनं धुणं धुतात. माझ्या आजोबांचा हात पिकला होता. त्याला तुम्ही रोग म्हणता?" ह्यावर जे सांगता आलं असतं ते सांगायला अण्णा मोकळे नव्हते, भावाला शब्द दिलेला होता.

रघू हातानेच ठोकत राहिला. त्याचा ठसा चांगला उठे. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण चारी कडा दिसत. एक दिवस अण्णा त्याच्या बाजूला उभे राहिले, कापड उचलून उजेडात धरलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा हात कच्चा. तुला जमायचं नाय. दुसरं काय तरी शीक." मी मागच्या पायरीवर होते. रघूचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्याने ठसा टेबलावर ठेवला आणि चपला न घालता, हातात घेऊन निघून गेला. अण्णा कापड धरून उभेच होते. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी एकेकाला तसंच घालवलं.

त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. स्वतःचा हात उशिरा पिकला म्हणून म्हाताऱ्याला दुसऱ्याचा बघवत नाही, असं लोक बोलू लागले. कुणी लग्नाला बोलावीना. दसऱ्याला देवळात ते मागे खांबापाशी बसत, आणि पुढच्या ओळीत जागा असूनही कुणी त्यांना हाक मारत नसे. अक्का चिडत. "सांगून टाका की एकदाचं," म्हणत. "इरली," ते म्हणत.

मोगरी घ्यायला कुणी तयार झालं असतं, तर त्यांनी त्याला जीव ओतून शिकवलं असतं. तसं कुणी आलं नाही.

अण्णा पावसाळा सरता सरता गेले, तापाने, फार आजारी न पडता. तेराव्याला माणसं थोडीच होती. नागू आत स्वयंपाकात होती, तिची मुलगी पानं मांडत होती. त्यांच्या फोटोची चौकट मागून सुटली होती, आणि अक्का ती मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात रघू आला. त्याचं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, चांगलं चालतं म्हणतात. नमस्कार करून तो बसला, आणि अक्कांच्या मांडीवरची चौकट न विचारताच त्याने आपल्याकडे घेतली. खिशातून बारीक पेचकस काढला.

"वाईट वाटतं, अक्का," तो मान खाली घालून म्हणाला. मोहरीएवढा स्क्रू त्याने दोन बोटांच्या टोकांत धरला होता. "मास्तर माणूस मोठा होता. पण मला जे केलं ते बरोबर नाय केलं. सगळ्यांसमोर कच्चा म्हणाले. माझा ठसा उठत होता. ह्या मॅडमनी बघितलाय. मॅडम, उठत होता का नाय?"

मी अक्कांकडे बघितलं. हिनकलचे भाऊ कोपऱ्यात भिंतीशी बसले होते. ते माझ्याकडे बघत होते.

"कच्चाच होता तुझा हात," अक्का म्हणाल्या. "ह्यांना कळायचं त्यातलं. जेवून जा आता, उपाशी जाऊ नको."

दुसरा स्क्रू चटईवर कुठेतरी पडला होता. दुखावलेल्या नजरेने अक्कांकडे बघत असतानाच रघूने हात खाली नेला, चटईच्या काड्यांवरून बोटं फिरवली, आणि न बघता तो उचलला.